डोळे मिटले की डोक्यात व्हिडिओ चालू राहतात. नातवाला काय सांगू?

राहुरीच्या बाई

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मी इथे बरेच दिवस नुसतं वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. टायपिंग हळू आहे, चुका पदरात घ्या.

माझं वय ६३. राहुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि तिथल्याच मंडळीत (चर्चमध्ये) ३४ वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबलची शाळा, घेतली. यजमान गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मुलाकडे पिंपरीला राहायला आले. घरी मुलगा, सून, दहावीतला नातू आणि नऊ वर्षांची नात. दोघंही इंग्रजी माध्यमात.

रात्री जेवणं झाली की आमच्याकडे घरची उपासना असते. मध्ये बंद पडली होती, मी आल्यावर पुन्हा सुरू झाली. एक गीत, एक उतारा, मग पाळीपाळीने प्रार्थना. गेल्या गुरुवारी नातवाची पाळी होती. तो गप्पच. मला वाटलं, शब्द जुळवत असेल. मग डोळे न उघडताच म्हणाला, "आजी, मला जमत नाही. डोळे मिटले की डोक्यात व्हिडिओ चालू राहतात. एक संपला की दुसरा."

त्याचे वडील चिडले. मला मात्र भीती वाटली. पाठ असलेली चार वाक्यं म्हणून त्याने "आमेन" म्हटलं असतं तर आम्ही सगळे समाधानाने उठलो असतो. पोरगं खरं बोललं, आणि ३४ वर्षं मुलांना प्रार्थना शिकवणाऱ्या बाईला उत्तर सुचलं नाही.

माझी आई निरक्षर होती. तिला गीतं येत होती. पहाटे जात्यावर बसली की एकामागून एक म्हणायची, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायची. येशूची गोष्ट मला अमुक दिवशी अमुक माणसाने सांगितली असं आठवतच नाही. ती पिठाबरोबर पडत होती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. पोस्टाने 'ज्ञानोदय' आला की कंदिलाजवळ बसून मोठ्याने वाचायचे. अहमदनगरला १८४२ साली सुरू झालेलं ते ख्रिस्ती नियतकालिक, माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळचं, आणि वडील ते असं वाचायचे जणू आजच सकाळी कुणी नातेवाइकाने धाडलं आहे. पण एक कबूल करायला हवं. तेव्हा ऐकायला दुसरं काही नव्हतंच. कंदील विझला की अंधार आणि देव, दोघंच उरायचे.

आता काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी आठ ते अकरा क्लासची टेस्ट, उपासना नऊला. महिन्यातून एखादा रविवार तो आमच्याबरोबर येतो. पडद्यावर गीताचे शब्द येतात, पण देवनागरी वाचेपर्यंत कडवं पुढे सरकलेलं असतं. मी त्याला विचारलं, 'कृपा' म्हणजे काय रे? तो म्हणाला, "स्टेशनवर म्हणतात ते 'कृपया', तेच ना?" तो थट्टा करत नव्हता, अंदाज बांधत होता. तारण, नीतिमान, प्रायश्चित्त या शब्दांचीही तीच गत. रोज सकाळी मी त्याला व्हॉट्सॲपवर बायबलमधलं वचन पाठवते. तो उघडत नाही हे मला कळतं, तरी पाठवते.

बायबलमध्ये तरुण शिष्य तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच प्रेषित पौल त्याच्या विश्वासाबद्दल बोलताना आधी त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस. मग आई युनीके. आजी पहिली. ते वाचताना हल्ली माझ्या छातीत धडधडतं.

तुमच्या घरात हे कुणाला जमलं असेल तर सांगा. तत्त्व नको, काय केलंत तेवढं लिहा.

वसईचा माळी

बाई, नमस्कार. मी कॅथलिक आहे, निर्मळच्या बाजूचा. केळी आणि सोनचाफा लावतो. आपल्या रीती वेगळ्या, तरी लिहितो.

आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वाडीतल्या क्रुसापाशी सगळी घरं जमतात. जपमाळ होते, गाणी होतात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. लहानपणी मी चण्यांसाठीच जायचो. आई हे ओळखून होती, पण एका शब्दाने बोलली नाही. तिचं म्हणणं एवढंच की पोरगं क्रुसापाशी बसलंय ना.

माझ्या मुलीचीही तुमच्या नातवासारखीच तक्रार होती. मी तिला सांगितलं, मन पळालं तर पळू दे, बोट मण्यावर ठेव. मन परत येईल तेव्हा बोट कुठवर आलंय ते सापडेल. तुमच्यात माळ नाही हे ठाऊक आहे. पण त्याच्या हाताला काहीतरी द्या.

आणखी एक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. आम्ही पोरसवदा असताना ते हरित वसईच्या लढ्यात उतरले होते. त्या काळातलं एकही प्रवचन मला आठवत नाही. आमच्या विहिरींच्या पाण्यासाठी धमक्या अंगावर घेऊन एक धर्मगुरू रस्त्यावर उभा राहिला, ते मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्यातली कितीतरी पोरं तेव्हा चर्चच्या जवळ आली ती त्यामुळे. त्यांनीच पुढे 'सुबोध बायबल' केलं. नातू 'कृपा'ला अडत असेल तर ते त्याच्या हातात देऊन बघा, भाषा आजची आहे.

दोन मुलांचा बाप

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपणच ढिले पडलो आहोत. आमच्या घरी रात्री आठला सगळे फोन तांदळाच्या डब्यात जातात, माझा सगळ्यात आधी. साडेनऊला बाहेर. पहिले पंधरा दिवस घरात भांडणं झाली. आता धाकटा स्वतःच डबा आणून ठेवतो. तासभर कुणाला काही सुचत नाही, मग गप्पा होतात, मग बायबल निघतं. लेकरांना सगळं समजावत बसायची गरज नसते. घराला एक शिस्त लागते.

राहुरीच्या बाई

दादा, राग कसला. तुमचं पहिलं वाक्य मला पटलं आणि 'माझा सगळ्यात आधी' हे त्याहून जास्त. काल मुलाला वाचून दाखवलं. उपासनेच्या वेळी त्याचाही फोन मांडीवर उताणा पडलेला असतो. तो काही बोलला नाही, पण रात्री फोन आतल्या खोलीत ठेवून आला.

पण माझी अडचण डब्याने सुटत नाही. फोन डब्यात गेला तरी व्हिडिओ डोक्यात राहतातच, हाच तर त्याचा त्रास आहे. डोक्याला झाकण कुठून आणू?

माळीभाऊ, चण्यांचं वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे नाताळच्या आधी रात्रीची गाणी म्हणत घरोघर फिरायचो. शेवटच्या घरी गूळ घातलेला चहा मिळायचा. त्या चहासाठी मी थंडीत दोन-दोन कोस चालले आहे.

हॉस्टेल कर्वेनगर

तुम्हाला आजी म्हणते, चालेल ना? मी २० वर्षांची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. इथे सगळे आमच्याबद्दल बोलतात, म्हणून आमच्यातल्या एकीने लिहावं असं वाटलं.

तुमच्या नातवाने त्या रात्री प्रार्थनाच केली. घरातल्या सगळ्यांसमोर, डोळे मिटून, आत जे चाललं होतं ते बोलला. बायबलच्या स्तोत्रांमध्ये दावीद राजा तरी दुसरं काय करतो? 'किती काळ?' असं तो देवाला तोंडावर विचारतो. नातवाला हे सांगा. त्याला वाटत असेल की तो नापास झाला.

माझं सांगते. सोळाव्या वर्षी माझी मैत्रीण ब्लड कॅन्सरने गेली. अख्ख्या मंडळीने उपास केला होता, साखळी प्रार्थना केल्या होत्या. तेव्हा माझा दृढीकरणाचा, म्हणजे आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याच्या विधीच्या तयारीचा, वर्ग चालू होता. मी तिथे विचारलं की मग ती का गेली. उत्तर मिळालं, कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल. त्यानंतर दोन वर्षं मी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाही. घरच्यांना वाटायचं, मोबाइलने बिघडवली. खरं म्हणजे मोबाइलमध्ये मी लपले होते. तिथे निदान कुणी खोटं उत्तर देत नव्हतं.

मला परत आणलं ते माझ्या मावशीने. ती नर्स आहे, नाइट ड्यूटी करते. तिलाही मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मला माहीत नाही गं. मी रोज मरणं बघते, मलाही माहीत नाही. पण हेच विचारणारा एक माणूस बायबलमध्ये आहे, आपण दोघी मिळून वाचू या का?" ड्यूटीवर जाण्याआधी ती मला फोन करायची आणि आम्ही ईयोबाचा एक अध्याय वाचायचो. ४२ अध्याय, ४२ रात्री. शेवटीही ईयोबाला 'का'चं उत्तर मिळत नाही, हे कळलं तेव्हा मी खूप रडले, आणि मोकळीही झाले. हे सगळं ज्या फोनवर झालं, त्याच फोनला मोठी माणसं नावं ठेवतात.

म्हणून सांगते आजी, त्याला वचन फॉरवर्ड करू नका. त्याला फोन करा. शेजारच्या खोलीत असला तरी.

निवृत्त पाळक, सोलापूर

बाईंना सलाम. पोरी, तुलाही. तुला ज्याने ते उत्तर दिलं त्याच्यासारखी उत्तरं तरुण वयात मीही दिली आहेत. ती ज्यांना दिली त्यांतले दोघे पुन्हा कधी आले नाहीत. त्यांची नावं मी अजून रोज प्रार्थनेत घेतो.

बाई, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपण सगळेच देतो, पण थांबतो चुकीच्या जागी. आगगाडीत एका युरोपियन माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत ते आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना, एवढं आपण शब्बाथ शाळेत सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. झाली गोष्ट. त्यापुढची पाच वर्षं आपण गाळतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या काळात आधी ताटातूट, आणि नवऱ्याजवळ आल्यानंतरही त्यांचं सोवळं, त्यांची वेगळी चूल. महाराष्ट्रभर कीर्तनं करणारा, शब्दांची एवढी देणगी असलेला माणूस स्वतःच्या घरात जबरदस्ती न करता थांबला. मग एक दिवस बाईंचं सोवळं आपसूक सुटलं, तेही प्रवचन ऐकून नव्हे, स्वतःशी विचार करता करता. आणि १९१९ ला टिळक गेले तेव्हा अपुरं राहिलेलं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य कुणी पुरं केलं? याच लक्ष्मीबाईंनी.

भाषेचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. आपले बहुतेक पाळक ते मनावर घेत नाहीत. फादर स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ ला गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांनी राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओवीत. लोकांच्या कानात ओवी आधीपासूनच होती, त्यांनी तिच्यात गोष्ट ओतली. केडगावच्या आपल्या आश्रमात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करायला घेतलं. आश्रमातल्या साध्या बायका-मुलींना ते कुणी समजावून न देता कळावं, एवढीच तळमळ. १९२२ साली मरेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. आणि छपाई आश्रमाच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी. विचार करा, ज्या मुलीने योहानाच्या शुभवर्तमानाचा छपाईचा खिळान् खिळा जुळवला असेल, तिला ते पाठ करायला कुणी सांगायची गरज असेल का?

मला यातूनच काहीतरी सुचतं. आपण मुलांना नुसतं ऐकायला बसवतो. ऐकण्याच्या बाबतीत आपण त्या पडद्यापुढे टिकणार नाही, आणि टिकण्याचा प्रयत्न करणाऱ्या मंडळ्यांतले दिवे आणि ढोल बघून मला वाईट वाटतं. त्यांना काम द्या. तुमच्या मंडळीत कुणी म्हातारं, नजर गेलेलं माणूस असेलच. नातवाला आठवड्यातून एकदा तिथे वाचून दाखवायला पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका.

राहुरीच्या बाई

पाळकसाहेब, पाच वर्षांचं वाचून धीर आला आणि काळजीही वाढली. लक्ष्मीबाई घरात होत्या. हा दहावीनंतर दोन वर्षांत कुठल्या तरी शहरात जाईल. माझ्याजवळ पाच वर्षं नाहीत.

तरी तुम्ही सांगितलेलं करून बघते. आमच्या मंडळीत एक मोठ्या बाई आहेत, ८८ वर्षांच्या. नगरच्या ख्रिस्ती वाड्यात सगळा जन्म गेला, आता लेकीकडे चिंचवडला असतात. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पोरी, तुझंही ऐकलं. आजपासून फॉरवर्ड बंद.

राहुरीच्या बाई (पाच आठवड्यांनी)

पुष्कळांनी विचारलं, म्हणून लिहिते.

पहिल्या शनिवारी नातू नाखुशीने गेला. मी त्याला एवढंच म्हटलं की त्यांना दिसत नाही, कुणीतरी वाचून दाखवायला हवं. स्तोत्र १२१ काढून दिलं, आठच ओव्यांचं म्हणून. परत आला तो फुरंगटून. "आजी, मी अडखळलो की त्या पुढचं म्हणतात. त्यांना सगळं पाठ आहे. मग मी कशाला?" मी म्हटलं, मला माहीत नाही, त्यांनाच विचार. 'मला माहीत नाही' म्हणायला मी या चर्चेतच शिकले.

पुढच्या शनिवारी त्याने खरंच विचारलं. त्या म्हणाल्या, "पाठ आहे रे बाळा, पण दहा वर्षं स्वतःचाच आवाज ऐकते आहे. तुझ्या आवाजात ते नवीन लागतं." तेव्हापासून तो जाण्याआधी घरी एकदा वाचून जातो. एकदा मला 'निरंतर' म्हणजे काय विचारलं. मी 'कायम' म्हटलं, तर म्हणाला, "कधीच ऑफ न होणारं?" मी हो म्हटलं.

चौथ्या शनिवारी तो तिथे दीड तास बसला. काय झालं ते त्याने दोन दिवसांनी सांगितलं, तेही मी न विचारता, भांडी पुसता पुसता. त्याने मोठ्या बाईंना विचारलं होतं, "तुम्हाला दिसत नाही, तर प्रार्थनेला डोळे मिटल्यावर काय होतं?" आणि मग स्वतःचं व्हिडिओंचंही सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, मलाही दिसतं की. डोळे गेल्यापासून जास्तच दिसतं. आणि काय दिसतं ते सांगितलं. नगरचा वाडा. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताचं पहिलं दार, निळं, त्याची कडी सैल. त्या घरातल्या माणसांची नावं घ्यायची. कोण आजारी, कुणाचं लग्न व्हायचंय, कोण मुंबईला गेलं ते देवाला सांगायचं. मग दुसरं दार. तिथे उंबऱ्यापाशी कोंबड्या असायच्या. मग तिसरं. वाड्यात सोळा दारं. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत, वाडाही तसा उरलेला नाही. पण त्या रोज पहाटे फाटकातून आत शिरतात आणि सोळाव्या दारापर्यंत जातात. मध्येच डोळा लागला किंवा भलतंच काही आठवलं, तर ज्या दाराशी होत्या तिथे परत येतात. चिंचवडला आल्यापासून त्यांनी शेवटी आणखी काही दारं जोडली आहेत. सतराव्या दारात आमचं घर आहे.

ऐकून मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. ३४ वर्षं मी मुलांना सांगत आले की डोळे मिटा आणि मन रिकामं करा. त्या बाईंनी त्याला मन रिकामं करायला सांगितलंच नाही.

काल रात्री पुन्हा त्याची पाळी होती. आमच्या सोसायटीच्या मजल्यावर चार फ्लॅट, खाली वॉचमनची खोली, समोर इस्त्रीवाला. तो बराच वेळ गप्प होता. नात चुळबुळ करायला लागली, सुनेने तिचा हात धरला. मग तो हळूच म्हणाला, "इस्त्रीवाल्या काकांपर्यंत गेलो. मग व्हिडिओ आला."

कुणीच काही बोललं नाही.

"परत जाऊ का?" त्याने विचारलं. त्याचे वडील म्हणाले, "जा. आम्ही बसतो."